पाण्यावर घेतलेला आळ

चारचौघांत शीबद्दल बोलायचं नसतं, हे मला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पण माझ्या मुलीच्या आजाराची गोष्ट तिथूनच सुरू होते. ती लपवली तर ज्यांच्यासाठी मी लिहायला बसले आहे त्यांना माझा काहीच उपयोग नाही. ज्या घरात असं एखादं मूल आहे, पोट फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, दिवसभर किरकिर, आणि शी अशी की आईलासुद्धा नाकाला पदर लावावासा वाटतो, त्या घरातल्या बाईसाठी हे आहे. तिला आधी एवढंच सांगते, की किळस आली म्हणून तू वाईट आई ठरत नाहीस. मला ती रोज येत होती.

मी खाडीकाठच्या गावात वाढले. धरमतरच्या बाजूला, मिठागरं आणि चिखल. अंगणात मासळी सुकत घातलेली असायची, तिच्या शेजारी बसून मी पाढे पाठ केले. वासाचं मला नवल नव्हतं. पण मयुरीच्या शीचा वास निराळा होता. खवट लोणी आणि सडका पाला एकत्र करावा तसा. शी फिकट, राखाडी, तुपकट आणि एवढ्याशा पोरीच्या पोटातून इतकी कशी येते असं वाटावं एवढी. पाणी ओतलं की तरंगायची. लंगोट सोड्यात उकळला तरी वास जायचा नाही. माझ्या हातांना तो येतो आहे असं वाटून मी जेवताना डाव्या हाताने नाक पुसत राहायची.

चपातीचं घर

माझे वडील मिठागरावर कामाला होते. त्यांच्या तळपायांना पडलेल्या चिरा कधी भरल्याच नाहीत. त्या पायांनी ते मला सायकलवरून स्टँडवर सोडायचे, म्हणून मी पेणला जाऊन बी.ए. झाले. आमच्या घरात माझ्या आधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. आज हे चार शब्द लिहिता येतात ते त्यांच्यामुळे.

घरी आम्ही भातच खायचो. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री तांदळाची भाकरी. गहू यायचा तो सणाला, पोळीसाठी. लग्न होऊन मी रोह्याला आले तेव्हा नव्वद साल उलटलं होतं. मयुरीचे बाबा तिथल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होते. आमच्या चाळीतले सगळेच कंपनीतले. तिथे माणसाची किंमत डब्यावरून व्हायची. भाकरीचा डबा म्हणजे कंत्राटी कामगार, चपातीचा डबा म्हणजे कायम. सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, "आमच्याकडं आता रोज चपातीच असते हां. भाकऱ्या थापायच्या त्या गावाला."

मी चपाती शिकले. मऊ, पदर सुटलेली. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

मयुरीचा जन्म त्र्याण्णव सालचा. वरचं सुरू करायची वेळ आली तेव्हा आम्ही तिला दुधात बुडवलेलं बिस्किट, रव्याची खीर, वरणात कुस्करलेली चपाती असं देऊ लागलो. माझी आई पेणहून आली होती; आमच्या खाडीकाठच्या गावाला रोह्यात सगळे पेणच म्हणायचे. ती म्हणाली, "पेज दे की गो तिला, मऊ भाताची. तुला तीच दिली हाय मी."

सासूबाई हसल्या. "पेजेनं काय ताकद येते विहीणबाई? कंपनीतल्या माणसाची पोर हाय ती."

आईलाही ते पटलं असावं, कारण जाताना तिनेच स्टँडवरून बिस्किटाचा मोठा पुडा घेऊन नातीच्या हातात दिला.

येणारे-जाणारे

वर्षाची होईपर्यंत मयुरी सुकली. गाल गेले, मांड्यांची कातडी लोंबायला लागली, ढुंगणाला मांस म्हणून उरलं नाही. फक्त पोट तेवढं पुढे. रस्त्यात बायका थांबून बघायच्या. "मुडदूस झालाय," एक म्हणायची. "दृष्ट हाय," दुसरी. "तुझं दूधच पातळ असणार," तिसरी, आणि ही तिसरी माझ्याकडे नको तिथे बघून बोलायची. मी घरात शिकवण्या घ्यायची. एक मुलगा नाक दाबून म्हणाला, "बाई, तुमच्याकडं उंदीर मेलाय काय?" बाकीची पोरं हसली. पुढच्या महिन्यात त्यातली निम्मी आली नाहीत.

आमच्याकडे आजारी मुलाला बघायला रिकाम्या हाताने कुणी येत नाही. आणि येताना माणूस काय आणतो? बिस्किटाचा पुडा. नारळ नको, फळ नको, कारण फळाने सर्दी होते. बिस्किट मात्र सगळ्यांना चालतं. आमच्या फळीवर पुड्यांची उतरंड लागली होती. माणसं बसायची, नाकाला रुमाल लावून चहा प्यायची, आपल्या हाताने एक बिस्किट चहात बुडवून तिला भरवायची. "खा हो बाळा, बरी होशील." जाताना दारात आपसात बोलायची, ते मला ऐकू यायचं. "जगायची नाय ही." आजही बिस्किटाचा तो गोडसर वास आला की मी उठून खिडकी उघडते.

औषधं झाली. जंताचं झालं, लिव्हरचं झालं. अंगारा झाला, मिरच्या-मीठ ओवाळून चुलीत टाकून झालं. मग डॉक्टर म्हणाले, प्रायमरी असेल, म्हणजे लहान मुलांचा क्षय. तेव्हा न वाढणाऱ्या प्रत्येक मुलाला तसंच म्हणायचे, त्यांचाही दोष नाही. महिनोन्‌महिने त्या गोळ्या कुटून मधातून दिल्या. तिची लघवी नारिंगी व्हायची. शी तशीच. घरात एकाच कामाचा कंटाळा, एकच वास, आणि त्या वासावरून भांडणं. मयुरीचे बाबा शिफ्टवरून आले की दारातच थांबायचे, मोठा श्वास घ्यायचे आणि मगच आत यायचे. मी ते बघायची आणि मला त्यांचीसुद्धा किळस यायची.

पाणी

आता खरी चूक सांगते. ती आम्ही सगळ्यांनी मिळून केली.

मे महिन्यात मी मयुरीला घेऊन माहेरी गेले. तिथे ती पंधरा दिवसांत खुलली. शी घट्ट झाली, किरकिर थांबली. शेजारच्या पोरींबरोबर अंगणात बसून शिंपले मांडायला लागली. माझी आई म्हणाली, "बघ, माझ्या हाताला गुण हाय." रोह्याला परतलो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. गणपतीला पुन्हा गेलो. हमरापूरला मावसभावाकडे मूर्ती रंगवायचं काम संपत आलं होतं, तिथे ही रंगाच्या वाट्यांमध्ये हुंदडली, पोटभर उकडीचे मोदक खाल्ले, काही झालं नाही. परत आलो, पुन्हा तेच.

सगळ्या चाळीला एकदम उलगडा झाला. पाणी! कारखान्यांच्या वसाहतीकडून वारा आला की वास यायचाच, नदीबद्दल लोक बोलायचेच. आणखी काय पुरावा हवा? पेणला पोर बरी, रोह्याला आजारी. मी पदवीधर, मला तर हे अगदी शास्त्रीय वाटलं.

मग पेणचं पाणी रोह्याला न्यायला सुरुवात झाली. मयुरीचे बाबा सुट्टीच्या दिवशी पहाटेची एस.टी. पकडून माझ्या माहेरी जायचे, विहिरीचं पाणी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये भरायचे आणि दोन्ही हातांत घेऊन परत यायचे. नागोठण्याला गाडी बदलताना कॅन वर चढवायला लोकांची मदत लागायची. एक कंडक्टर ओळखीचा झाला होता. तो म्हणायचा, "काय साहेब, सासऱ्यानं हुंड्यात विहीर दिली काय? एकदम पाईपच टाका ना." सगळी गाडी हसायची. हे पण हसायचे आणि घरी येऊन कॅन ठेवला की भिंतीकडे तोंड करून झोपायचे.

ते पाणी फक्त मयुरीसाठी. ते मी वीस मिनिटं उकळायची, गाळायची. आणि त्याच पाण्यात कणीक मळायची.

गुण येईना, तेव्हा हवा उरली. पाणी आणलं, हवा कशी आणणार? मयुरीच्या बाबांनी ठरवलं की कंपनीतली पक्की नोकरी सोडायची आणि माझ्या माहेरी जाऊन मिठागरावर मुकादमी बघायची. सासूबाईंनी दोन दिवस अन्न घेतलं नाही. त्यांच्या नवऱ्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या बांधावर राबून या मुलाला आयटीआयला घातलं होतं. त्या मला म्हणाल्या, "तुझी पोर माझ्या पोराला परत चिखलात नेते बघ." मयुरी तेव्हा तिथेच भिंतीला टेकून बसली होती. अडीच वर्षांची, उभं राहायचाही कंटाळा करणारी. तिने आजीकडे बघितलं आणि ओकली.

राजीनामा द्यायच्या आधी एकदा मुंबईला दाखवून या, असं आमचे डॉक्टर म्हणाले. तेवढ्यासाठी त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

वॉर्ड

मुंबईतलं मोठं सरकारी हॉस्पिटल. मुलांचा वॉर्ड. एका खाटेवर दोन मुलं, खाटांच्या खाली त्यांच्या आया. संडासात पाणी नसायचं, दाराला कडी नसायची, आणि कोपऱ्यात रक्त लागलेल्या कापसाचा ढीग. मी पदर तोंडात धरून आत जायची. एवढं मात्र खरं, की तिथे मयुरीच्या वासाकडे कुणी वळून बघितलं नाही. तिथे सगळ्यांनाच वास येत होता. पलीकडच्या खाटेखालच्या बाईने मला जागा करून दिली आणि म्हणाली, "लाजू नको गो बाय, इथं कुणी गुलाबाचं फूल घेऊन आलेलं नाय." कितीतरी दिवसांनी मी हसले.

सकाळी ट्रॉली यायची. दूध आणि पाव. मयुरी पाव दुधात कालवून खायची. आम्ही कौतुकाने बघायचो, खाते तरी आहे.

तिसऱ्या दिवशी तपासायला एक डॉक्टरबाई आल्या. चाळिशीच्या, चष्मा, आवाज घोगरा. त्यांनी पोट दाबलं, ढुंगणावरची लोंबती कातडी चिमटीत धरून बघितली. मग म्हणाल्या, "शी दाखवा."

मी लंगोट मागे लपवला होता. मला लाज वाटली. त्यांनी हात पुढे केला, लंगोट घेतला, उजेडात नेला, वाकून वास घेतला. सावकाश, दोनदा. जगात माझ्याखेरीज कुणीतरी तो वास मुद्दाम घेतला, हे मी पहिल्यांदा पाहत होते.

मी त्यांना पाण्याचं सगळं सांगितलं. पेणला बरी, रोह्याला आजारी. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पेणला ती काय खाते? उठल्यापासून सांगा."

"पेज. मग भात. तांदळाची भाकरी, पापलेटाचं कालवण. पोहे. आमच्याकडे पोहे चांगले मिळतात."

"आणि रोह्याला?"

"बिस्किट. चपाती. शिरा. दुधातून ती ताकदीची पावडर..."

बोलता बोलता माझाच आवाज बारीक झाला. मला अजून काही कळलं नव्हतं, पण दोन ताटं शेजारी शेजारी मांडल्यासारखी दिसली, आणि त्यातल्या एकात गहूच गहू होता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "आपण आतड्याचा तुकडा काढून बघू या."

त्या तपासणीबद्दल थोडंच लिहिते. एका बारीक नळीच्या टोकाला करवंदाएवढी धातूची डबी. ती पोरीला गिळायला लावायची, पोटातून पुढे सरकेपर्यंत थांबायचं. डबी आतड्याचा तिळाएवढा तुकडा चिमटून घेते, मग नळी ओढून काढायची. मयुरीने तीनदा ओकून टाकली. मी तिचे हात धरले होते, तिच्या बाबांनी पाय. चौथ्यांदा ती आत गेली. बाहेर आली तेव्हा नळीला पिवळा चिकट पदार्थ लागला होता. तिच्या बाबांनी तोंड फिरवलं. मी फिरवलं नाही, कारण ती माझ्याकडे बघत होती.

निदानाचा दिवस

डॉक्टरबाईंनी आम्हाला बाकावर बसवलं आणि स्वतःही बसल्या. त्या म्हणाल्या, "आतड्याच्या आतलं अस्तर मखमलीसारखं असतं, बारीक लवेचं. अन्नातलं सत्त्व ती लव शोषून घेते. हिची लव झडून गेली आहे. गालिचा झिजून गोणपाट व्हावं तसं. म्हणून खाल्लेलं तसंच्या तसं बाहेर पडतं."

"कशानं?"

"गव्हानं. गव्हात जो चिकटपणा असतो, ज्यामुळे कणीक लवचिक होते, तो हिच्या शरीराला शत्रू वाटतो. शरीर त्याच्याशी लढायला जातं आणि स्वतःचंच आतडं सोलून काढतं. हा कल काही मुलांत जन्मतःच असतो. गहू पोटात गेला नाही तर तो दिसतही नाही. संसर्ग नाही, दूध पातळ नाही, कुणाची नजर नाही."

मयुरीच्या बाबांनी विचारलं, "आणि पाणी?"

"कसलं पाणी?"

"रोह्याचं. मी पेणहून कॅन नेत होतो. नोकरी सोडायला निघालो होतो."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "तुमच्या पाण्यात काय आहे ते मला माहीत नाही. पण या आजाराचा आळ त्याच्यावर घेऊ नका. नोकरी सोडू नका. चपाती सोडा."

"औषध काय?"

"रक्त वाढायला देते, हाडांसाठी देते. पण खरं औषध म्हणजे गहू न खाणं. रवा, मैदा, पाव, शेवया, बिस्किट, ती पावडर, सातूचं पीठ, काही नाही. चिमूटभरसुद्धा नाही. जन्मभर."

मला वाटलं होतं निदान कळलं की बरं वाटेल. पण माझ्या डोळ्यांसमोर फळीवरची पुड्यांची उतरंड आली, आणि चहात बुडवून तिच्या तोंडात कोंबणारी ती सगळी बोटं. मी उठून बाहेर गेले आणि जिन्याजवळच्या मोरीत ओकले.

तांदळावर तांदूळ

घरी सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "गव्हानं कुणाला काय होतंय? सगळं जग खातंय. गरिबाचा तांदूळ खायला लावायला मुंबईचा डॉक्टर लागतो काय?"

तरी मी गहू बंद केला. आठवड्यात मयुरी हसली. खरंच, आधी हसू परत आलं आणि मग शी सुधारली. दुसऱ्या महिन्यात तिच्या मांड्यांवर मांस दिसायला लागलं. आणि मग एकाएकी पुन्हा पोट फुगलं, पुन्हा तो वास. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आता? आता तर तांदूळच खाते ना?"

मी घरातला एकेक डबा उघडून बसले. हिंगसुद्धा फेकला, कारण त्याच्या खड्यात गव्हाचं पीठ मिसळतात असं मुंबईला सांगितलं होतं. फरक पडेना. मग एके दिवशी तांदूळ दळायला मी स्वतः गिरणीत गेले. एरवी हे काम मयुरीचे बाबा शिफ्टवरून येताना करायचे. माझ्या पुढे एका बाईचा गव्हाचा डबा होता. तिचं झालं आणि गिरणीवाल्याने माझे तांदूळ वरून ओतले. खाली आधी जे पीठ पडलं ते तांबूस होतं.

आपल्याकडे गिरणीत गव्हावर गहू, तांदळावर तांदूळ हा हिशेब सगळ्या बायका बघतात. पण तो चपाती तुटू नये म्हणून. गव्हात तांदूळ गेला तर बाई भांडते. तांदळात गहू गेला तर कुणी बोलत नाही, उलट भाकरीला चिकटपणा येतो म्हणून बरंच वाटतं. आमची पोर त्या ओंजळभर पिठाने आजारी पडत होती.

मी गिरणीवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, एवढ्यानं काय होतंय?" मी त्याला सगळं सांगितलं, शीसकट. रांगेतल्या बायकांनी तोंडं वाकडी केली. तो मात्र म्हणाला, "सोमवारी सकाळी या. दगड झाडून घेतो, पयलं दळण तुमचं." त्याने हे वर्षानुवर्षं पाळलं. माझ्या आईनेही पेणहून घरी जात्यावर काढलेलं पीठ पाठवायला सुरुवात केली. ज्या एस.टी.त पूर्वी पाण्याचे कॅन यायचे, तिच्यातून आता पीठ, पोहे आणि तांदळाचे पापड यायला लागले. कंडक्टर म्हणाला, "साहेब, विहीर आटली वाटतं?"

प्रसाद

मयुरी सुधारली तर सत्यनारायण घालीन, असं सासूबाई बोलल्या होत्या. ती चार वर्षांची होत आली तेव्हा पूजा ठरली. प्रसादाचा शिरा म्हणजे रवा. मी म्हटलं, मयुरीच्या हातावर केळं द्या. सासूबाईंचा चेहरा उतरला. ज्या पोरीसाठी पूजा, तिनेच प्रसाद घ्यायचा नाही? चार बायकांसमोर त्या म्हणाल्या, "देवाच्या प्रसादानं कुणाला बाधत नाय."

मी पाहुण्यांना चहा देत होते तेव्हा त्यांनी मयुरीला मांडीवर घेतलं आणि शिऱ्याचा एक घास भरवला. वाईटपणाने नव्हे. त्यांच्या मनात तो औषधाचाच घास होता. मी दारातून पाहिलं, धावले, पण तिने गिळला होता. तूप तिच्या ओठांवर चमकत होतं. सासूबाई म्हणाल्या, "काय होत नाय गो, बघ तू."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. ओकारी, पोट, आणि मग शी. त्या दिवसांत मला ताप आला होता, मी उठू शकत नव्हते. लंगोट केव्हाच सुटले होते, आता चादरी होत्या. त्या सगळ्या सासूबाईंनी धुतल्या. इतक्या वर्षांत त्यांनी ते काम कधी केलं नव्हतं. पूर्वी वास आला की त्या अंगणात जाऊन बसायच्या.

तिसऱ्या दिवशी त्या मोरीतून आल्या. कोपरापर्यंत हात ओले. खाटेशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वनिता, तोच वास हाय."

मी उशीवरून मान हलवली.

"मधी गेलाच होता ना वास? एवढं वरीसभर?"

"हो."

"एका घासानं?"

"हो."

त्यांनी हातांकडे बघितलं, नाकाजवळ नेले, आणि त्यांना उमासा आला. त्या परत मोरीत गेल्या. बराच वेळ पाणी पडल्याचा आवाज येत होता. त्या दुपारी त्यांनी फळीवरचा रव्याचा डबा उचलला आणि शेजारच्या काकूंकडे देऊन आल्या. त्यानंतर कुणी पुडा घेऊन आलं की दारातच त्यांचा आवाज यायचा, "ते बाहेर ठेवा. पोरीला मारायचंय काय?" माणसं दुखावली. काही येईनाशी झाली. मला त्यांची आठवणही झाली नाही.

मयुरीला पुन्हा अंग धरायला वेळ लागला. पण तिने ते धरलं.

पुढच्या वर्षी सासूबाईंनी पुन्हा सत्यनारायण घातला. या वेळी त्यांनी पेणच्या तांदळाचा रवा स्वतः जात्यावर काढला आणि त्याचा शिरा केला. थोडा कोरडा झाला होता. भटजींनी ताटाकडे बघून विचारलं, "हे काय, तांदळाचा? प्रसादाला रवा असतो आजी."

सासूबाई पदर खोचत म्हणाल्या, "का, देवाला तांदूळ चालत नाय? मग मघापासून अक्षता कशाच्या टाकताय त्याच्या डोक्यावर?"

भटजी हसले. पूजा झाली. मयुरी सगळ्या पोरांच्या रांगेत उजवा हात पुढे करून उभी राहिली, तिने सगळ्यांसाठीच्या त्याच वाडग्यातला प्रसाद घेतला आणि परत येऊन पुन्हा हात पसरला. आम्ही तिघांनी खाल्लं कमी, तिच्याकडे बघितलं जास्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती संडासात गेली तेव्हा मी दाराबाहेर उभी होते. मागे सासूबाई आल्या. त्यांच्यामागे दात घासता घासता तिचे बाबा. पाणी ओतायच्या आत बघायला हवं म्हणून सासूबाईंनी दार जरासं लोटलं आणि आम्ही तिघंही वाकलो.

आतून मयुरी किंचाळली, "शी! घाणेरडे कुठले! बघतात काय?" आणि तिने नाक मुरडून दार लावून घेतलं.

सासूबाई सरळ झाल्या. तोंडाला पदर लावला होता, पण वासाने नव्हे. "बरी हाय," त्या म्हणाल्या. "चल, भाकऱ्या थापायच्यात."